फाइलीत पान नसतं

वर्डच्या फाइलीत पान नसतं. शिकायला येणाऱ्या पोरांना मी हे पहिल्याच दिवशी सांगते आणि ती माझ्याकडे संशयानं बघतात. बघणारच, कारण समोर पडद्यावर पान दिसत असतं, पांढरंशुभ्र, चारी बाजूंनी समास सोडलेलं. मग मी त्यांना एक डॉक्स फाइल झिपसारखी सोडायला लावते. आत मजकुराची एक एक्सएमएल फाइल निघते, शैलींची दुसरी, शीर्षपट्टी आणि तळपट्टीच्या आणखी वेगळ्या. मजकुराच्या फाइलीत परिच्छेद सापडतात, परिच्छेदांत तुकडे, मधूनमधून तक्ते. कुणी मुद्दाम पान तोडलं असेल तर तेवढी खूण असते. मागच्या वेळी पान कुठे संपलं होतं त्याचं टिपणही कधी सापडतं, पण त्याला फारसा अर्थ नाही. पान दर वेळी नव्यानं तयार होतं. फाइल उघडली त्या यंत्रावर कोणते फॉन्ट आहेत, प्रिंटर कोणता निवडलाय, कागद ए-फोर आहे की लीगल, यावर ते ठरतं. घरी बारा पानांत बसलेला अहवाल दुकानात तेरा पानांचा होतो आणि तेराव्या पानावर फक्त ‘चेअरमन’ आणि सहीची रेघ येते, ती यामुळे.

त्यामुळे कोड लिहून कागद छापायचा धंदा करणाऱ्या माणसाला पान सजवण्यापेक्षा दुसरंच काम जास्त पडतं. काय कशापासून सुटता कामा नये, हे फाइलीला आधी सांगून ठेवायचं. पान मग कुठेही तुटो.

माझं हे काम केडगावात चालतं. पुण्याकडून नगरमध्ये शिरताना लागतं ते केडगाव, रेणुकामातेचं. नवरात्रात रस्ता माणसांनी भरतो, एरवी नेप्तीच्या कांदा मार्केटला जाणाऱ्या गाड्यांनी. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणारे इथे पुष्कळ आहेत, त्यांच्या वाटेला मी जात नाही. माझी गिऱ्हाइकं म्हणजे पतसंस्था, गृहनिर्माण सोसायट्या, शाळा आणि थोडे वकील. ऑगस्ट-सप्टेंबर हा आमचा हंगाम. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, सहकारी संस्थेला वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. तिची नोटीस आणि अहवाल सभासदांपर्यंत जायला हवा. प्रत्येक नोटिशीवर त्या सभासदाचं नाव, क्रमांक, शेअर्सची रक्कम आणि लाभांश. मेल मर्जनं यातलं बरंच होतं. जे होत नाही त्याचे पैसे मला मिळतात.

मराठी मजकुरावर कोड चालवणाऱ्या प्रत्येकाला पहिला धक्का अक्षराच्या आकाराचा बसतो. पायथनमधून डॉक्स फाइल तयार करताना तुम्ही लिहिता, अक्षर चौदा पॉइंटचं ठेव. कोड बिनबोभाट चालतो. फाइल उघडावी तर इंग्रजी शब्द आणि आकडे चौदाचे, मराठी मात्र जिथल्या तिथे. कारण फाइलीच्या रचनेत प्रत्येक तुकड्याचे दोन हिशोब असतात, एक रोमनसारख्या लिप्यांचा आणि दुसरा ‘कॉम्प्लेक्स’ म्हणवल्या जाणाऱ्या लिप्यांचा. देवनागरी त्या दुसऱ्या वहीत येते, अरबी आणि थाईच्या शेजारी. आकार वेगळा, ठळकपणा वेगळा, फॉन्टचं नावही वेगळं लिहायचं. तुम्ही पहिल्या वहीत चौदा लिहिलेत, दुसरी कोरीच राहिली. वर्डच्या मॅक्रोमध्ये त्यासाठी ‘बाय’ शेपूट लावलेले वेगळे गुणधर्म आहेत, पायथनमध्ये सरळ एक्सएमएलमध्ये उतरून ती खूण हातानं घालावी लागते. इंग्रजीत लिहिलेल्या शिकवण्यांमध्ये याचा उल्लेख सहसा नसतो. त्यांना गरजच पडत नाही.

ओळींमधल्या अंतराचीही तीच तऱ्हा. कोडमध्ये ओळीची उंची पॉइंटमध्ये दिली की ती ‘बरोबर इतकीच’ अशी धरली जाते. इंग्रजीला ते चालतं. मराठीत ‘कैं’वरचा अनुस्वार आणि ‘ट्रू’खालचा उकार दोघांनाही जागा लागते, आणि उंची बरोबर इतकीच ठेवली की कुणाचं तरी डोकं नाहीतर पाय कापला जातो. म्हणून माझ्या कोडमध्ये नियम एकच, ‘किमान इतकी’. मात्रा जास्त असल्या तर ओळ स्वतःहून सरकून घेते.

या बारीकसारीक गोष्टी शिकताना मला सारखं वाटायचं, की हे सगळं कुणाला तरी आधी ठाऊक होतं. होतंच. छापखान्यातल्या जुळाऱ्याला होतं. एक-एक खिळा केसमधून उचलून स्टिकमध्ये लावणाऱ्या माणसाला देवनागरीच्या वर आणि खाली किती जागा लागते हे बोटांनी माहीत असे. नगरला तर ही परंपरा जुनी. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये अमेरिकन मराठी मिशननं इथूनच सुरू केलं, पुढे ते मुंबईला गेलं.

आणि केडगाव म्हटलं की मला दुसरं केडगावही आठवतं. आमच्याकडे यायचं पार्सल अधूनमधून तिकडे जाऊन येतं, ते दौंड तालुक्यातलं, रेल्वे स्टेशन असलेलं केडगाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि ते मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकामुलींनी खिळे जुळवून छापलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. एवढा प्रचंड ग्रंथ, आणि घरादारानं टाकलेल्या बायकांच्या हातांनी जुळवलेला. आमचं केडगाव ते नव्हे हे मला पक्कं माहीत आहे, तरी माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलींना मी त्या छापखान्याची गोष्ट सांगते. ‘कोडिंग मुलींना जमतं का’ असं विचारणारे पालक अजून भेटतात, त्यांच्यासाठीही ती बरी पडते.

जुळारी आणि आजचा संगणक यांच्यात मात्र एक गंमतशीर फरक आहे. जुळारी दिसतं तसं लावायचा. ‘किती’ जुळवताना पहिली वेलांटी आधी, मग क. ‘सूर्य’मधला रफार य वर. संगणकावर मराठी आली तेव्हाच्या जुन्या फॉन्टांनीही हीच रीत धरली. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झालं, खासगी कंपन्यांची मराठी सॉफ्टवेअरं आली, आणि डीटीपीवाल्यांची अख्खी पिढी त्यांवर जगली. त्या फॉन्टांत खरं तर इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट काढून घेतला की खाली इंग्रजी अक्षरांचा चिवडा. युनिकोडची रीत वेगळी. तिथे अक्षरं उच्चाराच्या क्रमानं साठवतात, आधी क, मग वेलांटी, आधी रफाराचा र, मग य. दाखवताना कुणाला पुढे काढायचं ते फॉन्ट बघतो.

संस्थांचे पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे पोटनियम आणि ठराव अजून जुन्या फॉन्टांत पडलेले असतात. ते युनिकोडमध्ये आणायचे तर नुसता ‘हे चिन्ह म्हणजे ते अक्षर’ असा तक्ता पुरत नाही. वेलांटी दिसली की पुढचं अख्खं जोडाक्षर ओलांडून तिला पलीकडे न्यायचं. ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी स आणि थ दोघांच्याही मागे जाते. रफार दिसला की उलटं, मागे येऊन अक्षराच्या आधी घालायचा. ‘दऱ्या’ आणि ‘सुऱ्या’मधला अर्धा र तर तिसराच. तो खास मराठीचा, त्यासाठी नुक्ता असलेला र लागतो. ‘ॲ’ हे अखंड अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधी आणि पुष्कळदा त्यानंतरही लोक अ वर चंद्र ठेवून भागवत. दोन्ही डोळ्यांना सारखे, संगणकाला वेगळे. वकिलांच्या यादीत ‘ॲड.’ शोधलं की निम्मे वकील गायब, त्याचं कारण हे. सगळं एकसारखं करून घेतल्याशिवाय मी कोणत्याही फाइलीत शोध सुरू करत नाही.

शोधण्यावरून आठवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याचं आणि शहराचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झाल्याची अधिसूचना निघाली आणि माझ्याकडे रांग लागली. लेटरहेड, पावत्या, अर्जांचे नमुने, सगळीकडे नाव बदलून हवं. “ताई, फाइंड-रिप्लेस तर आहे, दोन मिनिटांचं काम,” असं प्रत्येक जण म्हणायचा. आणि भाषेच्या अंगानं ते खरंच सोपं होतं. दोन्ही नावांच्या शेवटी ‘नगर’ असल्यामुळे प्रत्ययांचा प्रश्न येत नाही. अहमदनगरच्या, अहमदनगरला, अहमदनगरहून, सगळं शेपूट जसंच्या तसं राहतं.

अडचण दुसरीकडेच होती. एक तर फाइलीत शब्द अखंड असेलच असं नाही. कुणी मध्येच टाइप करायचं थांबलं, दुरुस्ती केली, शुद्धलेखन तपासलं, की वर्ड त्या शब्दाचे तुकडे वेगवेगळे साठवून ठेवतो. ‘अहमद’ एका तुकड्यात, ‘नगर’ दुसऱ्यात. तुकडा-तुकडा वाचत जाणारा कोड त्यावरून सरळ पुढे जातो. मग परिच्छेदाचा मजकूर आधी सलग करायचा, शब्द शोधायचा आणि तो कोणकोणत्या तुकड्यांत पसरलाय हे उलटं मोजत यायचं. मॅक्रो वापरला तर हा त्रास नाही, पण तिथे दुसरी मेख. वर्डच्या लेखी मुख्य मजकूर, शीर्षपट्टी, तळपट्टी, चौकटींतला मजकूर हे सगळे वेगवेगळे प्रवाह असतात. साधा मॅक्रो मुख्य मजकुरात नाव बदलून मोकळा होतो आणि लेटरहेडच्या डोक्यावर जुनं नाव तसंच राहतं. प्रत्येक प्रवाहात त्याला पाठवावं लागतं.

तरीही खरा प्रश्न पुढेच होता. सगळीकडे बदलायचं का? अहमदनगर कॉलेज १९४७ पासून त्या नावानं उभं आहे. संस्थेचं नाव मी मॅक्रोनं कशी बदलणार? नोंदणी क्रमांकात ‘एएनआर’ ही अक्षरं असतात, ती नोंदणीच्या वेळची. आणि जुन्या इतिवृत्तात ‘अहमदनगर येथे झालेल्या सभेत’ असं असेल तर ती सभा अहमदनगरातच झालेली आहे. माझं मत स्पष्ट आहे. पत्ता हा आजचा असतो, तो बदलावा. इतिवृत्त हा पुरावा असतो, त्याला हात लावू नये. म्हणून माझा मॅक्रो आपणहून काही बदलत नाही. सापडलेली प्रत्येक जागा पिवळी करतो, आजूबाजूचे चार शब्द दाखवतो आणि विचारतो. दोन मिनिटांचं काम मग अर्ध्या दिवसाचं होतं आणि गिऱ्हाइकाशी थोडी हुज्जत होते. ती मला मान्य आहे.

हुज्जतीचा दुसरा हमखास विषय म्हणजे सभासदांची यादी. “आडनावावरून लावा,” सचिव सांगतात. लावली की काळे आधी येतात आणि कासार नंतर. ल च्या शेजारी ळ ला जागा दिली ती भारतीय लिप्यांसाठी केलेल्या इस्की या सांकेतिक मांडणीनं. सगळ्या भारतीय लिप्या एकमेकींसमोर ओळीत बसाव्यात अशी ती आखलेली, आणि युनिकोडनं तिचाच क्रम उचलला. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर, म्हणजे कासार आधी आणि काळे मागून. क्षीरसागरांचं तर विचारूच नका. संगणकाच्या लेखी क्ष म्हणजे क, हलन्त, ष, त्यामुळे ते क च्या शेवटी, ख च्या आधी उभे राहतात. वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी. शाळेत वर्णमाला पाठ केलेले क्षीरसागर स्वतःचं नाव यादीच्या शेवटी शोधतात आणि सापडलं नाही की सचिवांना फोन करतात. त्यामुळे क्रम लावण्याआधी मी प्रत्येक नावाची एक सावली तयार करते. तिच्यात अक्षरांच्या जागी वर्णमालेतले क्रमांक असतात. क्रम सावलीवरून लावायचा, छापायचं मूळ नाव.

सगळ्यात आवडता भाग मी आता सांगते. ‘अक्षरी रुपये’. पावती असो, शेअर सर्टिफिकेट असो, आकड्याखाली अक्षरी रक्कम हवीच. वर्डमध्ये आकड्याची अक्षरं करून देणारी सोय आहे, पण ती इंग्रजीच्या कामाची. इंग्रजीत हा कोड लिहायला सोपा. वीसपर्यंतचे शब्द, मग दहाचे, आणि बाकी जोडाजोडी. मराठीत एक ते नव्याण्णव प्रत्येक आकडा आपली मर्जी सांभाळून असतो. एकोणसाठ म्हणताना साठ येतो, पण तो साठ नसतो. त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव या चौघांतही तीनाचं तोंड एकसारखं नाही. नियम शोधत बसण्यात अर्थ नाही, नव्याण्णव शब्दांची यादी टाइप करावी आणि गप्प बसावं. त्यापुढे मात्र सुरळीत. हजार, लाख, कोटी, दर वेळी दोन आकडे उचलायचे आणि यादीतून शब्द काढायचा. फक्त शतकाला एकच आकडा. स्वल्पविरामही तसेच, १२,३४,५६७. कोडला आपणहून तीन-तीनचे गट करायची खोड असते, ती मोडावी लागते.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यांची वाचनपद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. कोड लिहिणाऱ्याच्या स्वार्थी नजरेतून मला ती फार आवडली होती. नव्याण्णव ओळींच्या जागी तीसेक ओळींत काम झालं असतं. पण ‘अक्षरी रुपये पन्नास तीन फक्त’ अशा पावतीवर आमच्याकडचा एकही सचिव सही करणार नाही, आणि माझ्या मते त्यानं करूही नये. दुसरीतल्या मुलाला संख्या समजायला हवी, पावती खोडता न येणारी हवी. दोन्हींच्या गरजा वेगळ्या.

मग येतं काय कशाला चिकटवायचं ते. ‘श्री.’ ओळीच्या शेवटी आणि नाव खालच्या ओळीत, हे मला बघवत नाही. ‘क्र.’, ‘रु.’, ‘सौ.’, ‘कै.’ यांच्यापुढची मोकळी जागा कोड न तुटणारी करून टाकतो. मथळा पानाच्या तळाशी एकटा राहू नये म्हणून त्याला पुढच्या परिच्छेदाला बांधायचं. ताळेबंदाची एक ओळ दोन पानांत चिरली जाऊ नये आणि तक्ता पुढच्या पानावर गेला तर रकान्यांची नावं पुन्हा यावीत. ही सगळी वर्डमधली साधी बटणं आहेत, पण हातानं करणारा माणूस त्याऐवजी एंटर मारत बसतो. मथळा खाली राहिला की चार एंटर. पुढच्या वर्षी मजकुरात दोन ओळी वाढल्या की ते चार एंटर पानाच्या मधोमध भोक पाडतात. गिऱ्हाइकाची फाइल आली की माझा कोड पहिल्यांदा हे रिकामे परिच्छेद गोळा करून टाकून देतो. काही फाइलींतून ते ओंजळीनं निघतात.

पान क्रमांक मराठीत हवे असतील तर वर्डमधल्या ‘हिंदी’ नावाच्या आकड्यांचा प्रकार निवडायचा, त्यात १, २, ३ येतात. शेजारीच अक्षरी प्रकार आहे, तो निवडला की पानावर ‘दो’ आणि ‘तीन’ येतं, त्यापासून सावध. ल आणि श च्या वळणांचंही तसंच. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयानं मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला. काही फॉन्टांत मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणं असतात आणि मजकुरावर मराठीची खूण असेल तर आपलं वळण येतं. ती खूण कोडमध्ये एका ओळीची आहे. न घालणारे पुष्कळ.

एवढं करून छापायची वेळ येते आणि तिथे कोडचा आवाज एकदम खाली येतो. छापण्याचा हुकूम एका ओळीचा. त्यात पार्श्वभूमीत छापू नको असं सांगावं लागतं, नाहीतर कोड पुढे पळतो, वर्ड बंद करायला जातो आणि छपाई अर्ध्यात असते. पहिलं पान लेटरहेडच्या ट्रेमधून आणि बाकी साध्या कागदाच्या ट्रेमधून घ्यायची सोय आहे, पण ट्रेचे क्रमांक प्रत्येक प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये वेगळे. मधोमध पिन मारायच्या सोळा पानी अहवालाला पानं १६ आणि १ एकत्र, मग २ आणि १५, असा क्रम लावावा लागतो. पानांची संख्या चारच्या पाढ्यात नसेल तर कोरी पानं कुठे घालायची हे आधी ठरवायचं. माझ्या मते मलपृष्ठाच्या आत. संचालकांच्या मते तिथे त्यांचे फोटो.

पण मुख्य गोष्ट अशी, की कोडला कागद निघाल्याचं कळत नाही. त्यानं काम रांगेत सोपवलं की त्याच्या लेखी छापून झालं. ऑगस्टचे दिवस, हवेत ओल. उघड्या रिममधला कागद वाकतो आणि दोन्ही बाजूंनी छापताना मशीनमध्ये अडकतो. अडकलेलं पान कोणाचं होतं ते यंत्र सांगत नाही. म्हणून मी सगळ्या नोटिसा एका दमात सोडत नाही. पन्नास-पन्नासचे गठ्ठे करते, प्रत्येक गठ्ठ्याची नोंद फाइलीत लिहिली जाते आणि प्रत्येक नोटिशीच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात सभासद क्रमांक बारीक अक्षरांत छापला जातो. गठ्ठा निघाला की आमच्याकडची मुलगी कोपरे उचलत क्रमांक म्हणते आणि मी यादीवर टिचक्या मारते. कमी असेल तो क्रमांक कोडला पुन्हा द्यायचा, तो तेवढं एकच पान काढतो. रिम मात्र लागेल तेव्हाच फोडायची, आणि उरलेला कागद संध्याकाळी पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा.